पट्टराणीचा अर्ज

"महाराज, पट्टराणी कोंडवाड्यात आहे! आत्ताच्या आत्ता सोडा तिला!"

गोजरा भर दरबारात ओरडली आणि सिंहासनाशेजारी बसलेल्या खऱ्या पट्टराणीसाहेबांच्या हातातला विडा खाली पडला.

"म्हैस हो, म्हैस! माझ्या म्हशीचं नाव आहे ते," गोजरा घाईघाईने म्हणाली.

गोजरा गवळ्याची पोर. तिची म्हैस राजवाड्याच्या तळ्यात डुंबली, जाता जाता चार कमळं खाऊन गेली, म्हणून शिपायांनी तिला कोंडलं. दुसऱ्याच दिवशी धुमाळसिंह महाराजांनी राज्याचं संकेतस्थळ सुरू केलं आणि दवंडी पिटवली: यापुढे कोंडवाड्यात जनावर घालायचं असो की सोडवायचं, अर्ज संकेतस्थळावरच! इकडे घरी रेडकू आईसाठी ओरडून ओरडून अर्धमेलं झालं होतं.

"अर्ज केलास का?" महाराजांनी विचारलं.

"केला की! शेवटचं 'पाठवा' बटण दाबलं, की गाडी पुन्हा पहिल्या पानावर. तुमचं स्थळ बिघडलंय!"

महाराजांना स्वतःच्या कवितांखालोखाल अभिमान होता तो या संकेतस्थळाचा, आणि कवितांना नावं ठेवणारे अजून तुरुंगातच होते.

"आमच्या स्थळात दोष? अशक्य! दोष तुझ्या शेणाने माखलेल्या बोटांचा! माणसाचा हात न लावता अर्ज भरून दाखव. तरीही अडला, तर म्हैस तुझी. नाही अडला, तर म्हैस आमच्या गोठ्यात!"

"आणि अर्जात खोटं काही चालणार नाही," प्रधानजींनी शेपूट जोडलं.

"कबूल!" गोजराने कनवटीचा मोबाइल काढला. "चल रे हरकाम्या, लाग कामाला!"

हरकाम्या म्हणजे तिच्या मोबाइलमधलं यंत्र. त्याला नुसतं तोंडाने सांगायचं. मग तो स्वतः संकेतस्थळ उघडायचा, पान वाचायचा, बटण दाबायचा, काय झालं ते बघायचा आणि त्यावरून पुढचं ठरवायचा. बाजारातल्या दुकानदारांची संकेतस्थळं गोजरा त्याच्याकडूनच तपासून द्यायची.

दरबारातल्या, बोट लावताच चालणाऱ्या मोठ्या पडद्यावर बाण आपोआप सरकू लागला.

"जनावराचं नाव, पट्टराणी. भरलं," हरकाम्या सांगू लागला. "वडिलांचं नाव, रेडा. अंहं, घेत नाही. नावात निदान तीन अक्षरं हवीत म्हणतंय."

"रेडेराव लिही!"

"हे खोटं आहे!" प्रधानजी किंचाळले.

"खोटं कसं? वडीलधाऱ्यांना मान दिला. तुम्हाला नाही का लोक प्रधानजी म्हणत?"

रेडेराव चालले. अर्ज भराभर पुढे सरकला आणि अगदी शेवटी हरकाम्या थबकला.

"गोजराताई, इथे एक चौकट आहे. 'मी यंत्र नाही' असं लिहिलंय आणि पुढे खूण करायला सांगतात. पण मी तर यंत्र आहे. खोटी खूण मी करणार नाही."

"हरली!" प्रधानजींनी टाळी वाजवली. "माणसाचा हात चालत नाही, यंत्र खोटं बोलत नाही! महाराज, गोठा झाडून घ्या!"

गोजराच्या डोळ्यांपुढे रेडकू आलं. मग एकदम ती फिसकन हसली.

"महाराज, जो माणूस नाही आणि यंत्रही नाही, असा कुणी चालेल?"

"चालेल! आण शोधून!"

"मग पट्टराणीला बोलवा."

राणीसाहेबांनी वळून बघितलं. "म्हशीला! म्हशीला!" महाराज घाईने म्हणाले.

म्हैस दरबारात आली, येताना एक गालिचा खराब करून आली. गोजराने ओच्यातली ओंजळभर पेंड पडद्याला न टेकवता चौकटीसमोर धरली. म्हशीने तोंड पुढे केलं, पेंड खाल्ली आणि नाक थेट चौकटीवर घासलं.

"खूण झाली, आणि खरी झाली!" हरकाम्या म्हणाला. "आता 'पाठवा' दाबतो."

पडद्यावर अक्षरं उमटली: सुस्वागतम्! आपलं काय काम आहे?

"पुन्हा पहिलं पान. बिघाड बटणातच आहे. पुराव्याला फोटो काढून ठेवलाय."

महाराज लालबुंद झाले. "छे! म्हशीचं नाक ओलं होतं! घाला रे तिला परत कोंडवाड्यात!"

शिपाई पुढे सरसावले.

"थांबा!" गोजरा शिपायांना आडवी गेली. "परत घालायचा अर्ज केलात का महाराज? घालायचं असो की सोडवायचं, अर्ज संकेतस्थळावरच. दवंडी तुमचीच! तुमचे हात तर स्वच्छ आहेत, तुम्हीच भरा!"

आता माघार घेतील ते महाराज कसले! शेल्याला हात पुसून त्यांनी स्वतः अर्ज भरला आणि ऐटीत बटण दाबलं.

सुस्वागतम्! आपलं काय काम आहे?

पुन्हा दाबलं. पुन्हा सुस्वागतम्! आधी राणीसाहेब खुदकन हसल्या, मग महाराजच असे हसत सुटले की मुकुट कानावर आला.

"प्रधानजी, आमची बोटंही शेणाचीच निघाली की! गोजरा, म्हैस तुझी! आजपासून तू राज्याची संकेतस्थळ तपासनीस, आणि तुझ्या पट्टराणीला आमच्या तळ्यात रोज डुंबायची परवानगी!"

"मेहेरबानी, महाराज! त्या परवानगीचा अर्ज कुठे करायचा?"

"तोंडी!" महाराज ओरडले. "तोंडी दिली!"