भिवराची शेळी आणि राजाच्या आठ बरण्या

तर सोनवडीला एक राजा होता, दुर्गसेन त्याचं नाव. त्याला आरशात बघायचा कंटाळा. तो माणसांनाच विचारायचा, "मी कसा दिसतो?" माणसं म्हणायची, "सुंदर, महाराज!" म्हणावंच लागायचं, बरं का.

त्याच गावात भिवरा राहायची. एकटीच. एक झोपडी नि एक शेळी, एवढाच तिचा संसार. दूध विकायची आणि पोट भरायची. एकदा राजा नवी पगडी घालून बाजारात आला. सगळे म्हणाले, "सुंदर!" भिवरा म्हणाली, "बेढब आहे, महाराज. कानावर येतेय."

झालं! राजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

राजाच्या दरबारी एक पंडित होता, सातासमुद्रापलीकडून आलेला. त्याच्यापाशी इंग्रजी व्याकरणाचं जाडजूड पुस्तक. त्यात लिहिलं होतं, शब्दांच्या आठ जाती असतात. आणि पुस्तक काही साधंसुधं नव्हतं हं! पंडितानं एखाद्या जातीचं नाव मोठ्यानं वाचलं, की त्या जातीचे सगळे शब्द लोकांच्या तोंडातून भुर्रकन उडायचे, मधमाश्यांसारखे, आणि राजाच्या बरणीत जाऊन बसायचे. मग वरून झाकण. राजाच्या, पंडिताच्या नि शिपायांच्या गळ्यात ताईत होते, म्हणून त्यांचे शब्द तेवढे शाबूत.

राजा म्हणाला, "ते बेढब-बिढब म्हणतात ते शब्द कोंडा."

पंडितानं वाचलं, "ॲडजेक्टिव्ह!" म्हणजे विशेषण. गोड गेलं, कडू गेलं, लाल गेलं, पिवळं गेलं. बाजारात कुणाला लाल लुगडं मागता येईना. बायका कुंकवाकडे बोट दाखवायच्या.

मग राजा पुन्हा पगडी घालून आला. "आता सांग गं, कशी आहे?"

भिवरानं तोंड उघडलं. शब्द येईना. क्षणभर तिला भीती वाटली, आपलं तोंडच हरवलं की काय! पण बाई हिंमतीची. म्हणाली, "डोक्यावर कोंबडी बसलीय, असं वाटतं!"

सगळा बाजार हसला. राजा तोंड लपवून पळाला.

मग दुसरी बरणी उघडली. पंडितानं वाचलं, "प्रोनाउन!" म्हणजे सर्वनाम. मी गेलं, तू गेलं, माझं गेलं, आमचं गेलं. आता राजाचे शिपाई गावात हिंडायला लागले. "हे शेत कुणाचं?" म्हणून विचारायचे. शेतकरी छाती बडवायचा, पण 'माझं' म्हणता येईना. "कुणाचंच नाही? मग राजाचं!" असं करत शेतं गेली. शेजारच्या बाळकूबाबांचा बैल गेला. म्हातारा रिकाम्या दाव्याकडे बघत बसला.

शिपाई भिवराच्या दारात आले. "ही शेळी कुणाची?"

"भिवराची!" ती कडाडली. "शेळी भिवराची! बैल बाळकूबाबांचा!"

एवढं ऐकलं आणि गल्लीतल्या प्रत्येकानं आपापलं नाव ओरडायला सुरुवात केली. शिपाई आल्या पावली परत.

आता मात्र राजा पिसाळला. म्हणाला, "एकूण एक जात कोंडा!"

पंडित वाचत गेला. नावं गेली. जा, ये, खा, दे, सगळी क्रियापदं गेली. आणि, पण, किंवा गेले. हळूहळू गेलं, वर गेलं, खाली गेलं. गाव मुकं झालं, बाळांनो. आईला लेकराला हाक मारता येईना. सात बरण्या भरल्या. पंडितानं आठवी जात वाचली, "इंटरजेक्शन!" म्हणजे केवलप्रयोगी, तोंडातून आपसूक निघणारे उद्गार. बरणीत काहीच येईना. पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं. पंडिताला घाम फुटला. "महाराज, हे शब्द वाक्यात राहतच नाहीत. थेट काळजातून येतात. धरू कुठून?"

"किरकोळ असतील," राजा म्हणाला. "जाऊ दे. ती शेळी आणा."

शिपायांनी दावं ओढलं. शेळी गुडघ्यांवर कोसळली. भिवराच्या तोंडून निघालं, "आई गं!"

ती दचकली. आवाज आला! तिनं दावं दोन्ही हातांनी धरलं, पाय रोवले आणि ओरडली, "छे!"

शिपाई थबकले. शेजारून बाळकूबाबा म्हणाले, "छट्!" पलीकडून कुणी म्हणालं, "हॅट्!" कुणी म्हणालं, "हुडूत!" मग सगळं गाव शेळीसकट राजवाड्यावर निघालं. पुढे भिवरा. "छे! छे! छे!" भिंती थरथरल्या. बरण्या गुणगुणायला लागल्या. मग एक तडकली, दुसरी तडकली, आणि साती फुटल्या फटाफट! शब्द घोंगावत आपापल्या घरी आले. एका आईनं तिथल्या तिथे लेकाला नावानं हाक मारली आणि रडायलाच लागली.

भिवरा सिंहासनापुढे उभी राहिली. महाराज-बिहाराज काही नाही. म्हणाली, "ऐक. शेळी माझी आहे. शेतं यांची आहेत. तोंड ज्याचं त्याचं आहे. घेतलंस ते परत दे."

राजानं शिपायांकडे पाहिलं. पण शिपाईही याच गावचे. त्यांच्या आया समोर उभ्या होत्या. त्यांनी गळ्यातले ताईत काढले आणि राजाच्या पायाशी ठेवले.

राजानं सगळं परत दिलं. त्याला कुणी हाकललं नाही. पण त्या दिवसापासून त्याला कुणी घाबरलंही नाही. बाळकूबाबांचा बैल घरी आला, शेतं पिकली.

आणि पंडित? तो वडाखाली शाळा घालून बसला, त्याच पुस्तकातून पोरांना इंग्रजी शिकवायला. पहिल्याच दिवशी भिवरा पाटी घेऊन हजर. म्हणाली, "मास्तर, सुरुवात आठव्या जातीपासून करा."

पंडित म्हणाला, "बाई, ती शेवटी शिकवायची असते. तसा नियम आहे."

भिवरा मांडी घालून बसली. "मग नियम बदला," म्हणाली.

बदलावा लागला, बरं का. पुढे सगळी सोनवडी सुखानं नांदली, पोटभर जेवली, मनभर बोलली. चला, आता पांघरुणं ओढा. मीही गप्प बसते, तुम्हीही गप्प पडा.