चुकलेला नगारा

तुमच्या-माझ्या पणजोबांच्याही आधी केव्हातरी, समुद्राकाठी एक गजबजलेलं शहर होतं. घरं पार पाण्यापर्यंत आलेली. ओहोटी लागली की त्यांच्या पुढ्यात लांबवर चिखल उघडा पडायचा आणि शहरातल्या बायका त्यात शिंपल्या वेचायच्या.

नवरात्र सरलं की उत्तरेकडून पक्षी यायचे, उडून उडून गळून गेलेले. म्हणून तिथे एक रिवाज होता. पहिला थवा दिसला की बुरुजावरचा राखणदार नगारा वाजवी आणि तिथून तीन दिवस चिखलात कोणी पाय घालत नसे. पाहुण्यांनी आधी पोटभर खावं, मग आपण.

राखणदार होता धाकलू म्हातारा. चाळीस वर्षांत त्याचा नगारा कधी चुकला नव्हता, आणि त्याचा त्याला कोण तोरा! पण त्या वर्षी त्याला समोरचा समुद्रही धड दिसेना. सांगितलं तर बुरुजावरून उतरवतील, ही धास्ती. मग पठ्ठ्याने काय केलं, तर गेल्या वर्षीची तिथी आठवली आणि अंदाजाने नगारा ठोकला.

बायका घरी बसल्या. एक दिवस गेला, दोन गेले, तीन गेले. पक्ष्यांचा पत्ता नाही. चौथ्या दिवशी सकाळी त्या टोपल्या घेऊन चिखलात उतरल्या, आणि नेमके तेव्हाच पक्षी आले.

धाकलूला ते दिसले नाहीत, ऐकू आले. डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होते. खाली माणसंच माणसं, उतरणार कुठे? काही थवे तसेच उपाशी पुढे निघाले. त्यांचा आवाज दूर जाताना ऐकून म्हाताऱ्याचा जीव कासावीस झाला. आता नगारा वाजवावा, तर आधीचा खोटा होता हे साऱ्या शहराला कळणार. गप्प बसावं, तर उरलेलेही जाणार.

त्याने टिपऱ्या उचलल्या. दणादण नगारा वाजवला आणि कठड्याला धरून ओरडला, "बायांनो, बाहेर निघा. आधीचा नगारा खोटा होता. मला दिसत नाही."

बायका भराभर बाहेर आल्या. उरलेले पक्षी उतरले आणि चोची खुपसून खायला लागले.

थोड्या वेळाने हरकू शिंपलेवाली धापा टाकत बुरूज चढून आली. धाकलूने टिपऱ्या तिच्यापुढे केल्या. "घे बाई. दुसऱ्या कोणाला तरी बसवा इथे."

"कशाला?" हरकू त्याच्याजवळ टेकली. "बघायचं आम्ही बघू, नगारा तूच वाजव. पण आजा, दिसत नव्हतं तर म्हणायचं की रे आम्हाला. आमचे तीन दिवस गेले, जाऊ देत. ती पाखरं उपाशी गेली ना."

ती रागावली असती तर बरं, असं धाकलूला वाटलं. त्याला रडूच फुटलं. हरकू त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसून राहिली. त्या वर्षी शहराच्या किनाऱ्यावर निम्मेच पक्षी राहिले.

तर मंडळी, आपल्याला जमेनासं झालं की वेळेवर सांगावं. लपवलं तर त्याची झळ भलत्याच जिवाला लागते.