हायवेपलीकडची शाळा

शेलवलीच्या शाळेत पोरं व्हरांड्यात, जिन्यावर, जागा मिळेल तिथं बसत होती. नवी शाळा हवीच होती. पण नगराध्यक्ष गव्हाणेसाहेबांनी जागा निवडली ती हायवेपलीकडे, स्वतःच्या प्लॉटांना लागून. शाळा आली की प्लॉटांचा भाव चढणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

मुख्याध्यापिका खैरनारबाई थेट सभेत उभ्या राहिल्या. "साहेब, तिथं ना पूल, ना सिग्नल. पोरं रस्ता ओलांडणार कशी?"

"अहो बाई, चार पावलांवर तर आहे! चालल्यानं पोरं काटक होतात." सभा हसली.

बाई जागच्या हलल्या नाहीत. "बरं, तिथंच बांधा. मग आपल्या वस्तीचं मतदान केंद्रही तिकडेच जाईल. ते दरवेळी शाळेतच असतं ना?"

साहेब ताडकन उठले. "छे छे! एवढा हायवे ओलांडून मतदार येईल कशाला?"

"साहेब, मतदाराला पाच वर्षांतून एकदा यायचंय. पोरांना रोज जायचंय."

या वेळी सभा साहेबांना हसली.

वस्तीतल्या जुन्या बाजाराच्या मैदानावर शाळेची पायाभरणी झाली. नारळ साहेबांनीच फोडला. दगड मात्र बाईंनी पुढे केला.