राजांची अंगठी आणि अडलेली गोळी

करंजगडच्या रणधवलराजांच्या पिस्तुलात गोळी जाईना. दसरा चार दिवसांवर आलेला, सीमोल्लंघनाला शेजारपाजारचे सरदार जमणार, आणि त्यांच्या देखत राजांनी टांगता नारळ उडवायचा हा तीन पिढ्यांचा रिवाज. गेल्या साली गोळी नळीच्या तोंडातच अडकून बसली होती. राजे गजानं ठोकताहेत, घाम पुसताहेत, आणि नारळ आपला वर मजेत झुलतोय. सरदार मिशीतल्या मिशीत हसले, ते राजांच्या मनातून वर्षभर गेलं नव्हतं. म्हणून यंदा आधीच गोळी घालून पाहिली, तर पुन्हा तेच.

वड्याचं तेल वांग्यावर निघतं, तसं ते भिकोबा ओताऱ्यावर निघालं. शिसं वितळवून गोळ्या ओतायचं काम त्याचं. बिचारा हात जोडून सांगत होता की सरकार, गोळी मापाचीच आहे. आणि त्यात खोटं काही नव्हतं. करंजगडावर गोळीचं माप म्हणजे राजांच्या अंगठ्यातली सोन्याची अंगठी. नवरात्र बसलं की राजे ती उतरवून शिलेखान्यात हत्यारांच्या पूजेला ठेवत, आणि त्या दिवसांत वर्षाच्या गोळ्या ओतायच्या. अंगठीत जी नेमकी बसेल ती खरी, बाकीच्या परत कढईत.

पण राजे कसले ऐकतात! म्हणाले, "अंगठी माझ्या आजोबांची, पिस्तूल माझ्या आजोबांचं. दोन्ही खरी. मग खोटा तूच. अंगठीत घट्ट बसेल आणि पिस्तुलात सहज उतरेल अशी एक गोळी दसऱ्याला आण. नाहीतर साचे मोड आणि गड उतर."

भिकोबानं घरी येऊन अंथरूण धरलं. गड सोडून म्हातारपणी जायचं कुठं? त्याची लेक सुंद्रा, वयानं वीस आणि जिभेनं चाळीस, चुलीवरची भाकरी उलटत म्हणाली, "बा, रडून शिसं वितळत नाही. आधी जेव."

दुसऱ्या दिवशी ती बापाचा निरोप आहे म्हणून शिलेखान्यात गेली. तिथल्या दारोग्याला तिची कीव आली, त्यानं अंगठी आणि रिकामं पिस्तूल दोन्ही पुढ्यात ठेवलं. ओताऱ्याची पोर, मेणाशी खेळतच मोठी झालेली. तिनं कोमट मेणाची कांडी पिस्तुलाच्या तोंडात दाबली, गार पाण्याचा हात फिरवला आणि हलकेच ओढून काढली. तशीच दुसरी अंगठीतून काढली. दोन्ही शेजारी ठेवल्या, तर अंगठीची कांडी जाड आणि पिस्तुलाची बारीक.

मग तिनं अंगठी उजेडात धरली. आतल्या बाजूला सोनाराचा सांधा होता, आणि सांध्यातलं सोनं बाकीच्यापेक्षा पिवळंधमक. म्हणजे अंगठी कापून, मध्ये तुकडा घालून मोठी केलेली! सुंद्राला हसू आलं, आणि लगेच भीतीही वाटली. राजांना हे तोंडावर सांगायचं कुणी?

दसऱ्याला मैदान भरलं. भिकोबा लेकीमागे उभा. सुंद्रानं पदराची गाठ सोडून एक गोळी काढली, दारोग्यानं आणलेल्या अंगठीत घातली. अगदी घट्ट बसली. राजे वाकून बघतात, तर गोळीला चिंधी गुंडाळलेली!

"हे काय सोंग?"

"महाराज, दरबारात उघडं कोण येतं? अंगठीपुढं आली ती अंगरखा घालून आली. आता कामाला निघाली, तर अंगरखा उतरवते."

तिनं चिंधी सोडली. बार भरला, वर गोळी सोडली, ती सुळकन आत गेली. राजांनी नेम धरला, चाप ओढला, आणि नारळाचं पाणी पुढच्या सरदाराच्या पागोट्यावर. लोकांनी एकच गिल्ला केला. राजे खूश झाले, पण हट्ट काही सुटेना.

"पोरी, अंगरखा लागलाच का? आजोबांची अंगठी खोटी म्हणतेस?"

भिकोबानं डोळे मिटून घेतले. सुंद्रानं हात जोडले.

"अभय असेल तर सांगते. अंगठी खोटी नाही आणि पिस्तूलही खोटं नाही. सात वर्षं गडावर धान्य पिकतंय, दूधदुभतं वाहतंय. प्रजा भरली, महाराजांचा अंगठा भरला, सोनारानं अंगठीही भरून दिली. पिस्तुलाला मात्र कुणी पुरणपोळी वाढली नाही. ते होतं तेवढंच राहिलं."

राजांनी कपाळाला आठ्या घालून अंगठी उचलली आणि 'बघ, कशी जाते' म्हणत अंगठ्यात घालू लागले. नऊ दिवस उपासाचा फराळ चालला होता, साबुदाणा काय, शिंगाड्याचा हलवा काय! अंगठी पेराशी येऊन थांबली. राजांनी ढकलली, फिरवली, ओठ चावून रेटली. ती जाईना.

राजांनी अंगठ्याकडे पाहिलं, पोटाकडे पाहिलं, आणि असे गदगदून हसले की मुंडासं कलंडलं. सरदारही हसले, आणि यंदा राजांना त्याचा राग आला नाही.

तिथंच हुकूम सुटला. यापुढं गोळीचं माप सुंद्राची मेणाची कांडी. गडाखालचा आंब्याचा मळा भिकोबाचा. "आणि ही अंगठी तुझी," राजे म्हणाले. "आमच्याकडे राहिली तर पुढच्या दसऱ्याला पुन्हा सोनार बोलवावा लागेल."

सुंद्रानं ती अंगठ्यात घातली, तर ढगळ. तिनं खाली पडलेली चिंधी उचलली, अंगठ्याला गुंडाळली, आणि अंगठी नेमकी बसली.