नदीची ओटी न भरणाऱ्या येसूची कहाणी

ऐका नदीबाई, तुमची कहाणी. आणि आज खाली मान घालून ऐका.

आटपाट नगर होतं. पुराआधी पुरतं होतं, पुरानंतर अर्धं उरलं. तिथं एक कुंभार होता. घरात त्याची आई, बहीण, आणि बायको येसू. येसूला एक लेक, ठकू. एक तान्हा, अंगावर पिणारा. श्रावणात पूर आला. भिंत पडली, चाक वाहून गेलं, येसूच्या कडेवरचा तान्हा गेला.

मग काय झालं? पाणी ओसरलं, येसूचं दूध ओसरेना. जेवायला बसे, घास तोंडात फिरे. निजायला जाई, दचकून उठे. ठकूला पदराच्या गाठीनं कमरेशी बांधून ठेवी. लोक म्हणत, "कुंभारीण वेडी झाली." सासू म्हणे, "हातचं लेकरू सोडलंस. नदीची ओटी भर, क्षमा माग. नाहीतर ठकू इथं राहील, तू माहेरची वाट धर."

वर्ष फिरलं, श्रावण आला. बाया खण-नारळ घेऊन नदीवर निघाल्या. नणंद आली, "वहिनी, चल." येसू उठली नाही. नवरा आला, "अगं, चार माणसं काय म्हणतील?" येसू उठली नाही. मग सासू आली, तिनं ठकूच्या गाठीलाच हात घातला. तशी येसू उठली. ठकूला उचललं, रिकाम्या हातानं नदीवर गेली. सासू खण-नारळ घेऊन मागोमाग.

नदी म्हातारीच्या रूपानं पायरीवर बसलेली. गढूळ लुगडं, ओले केस. पदर पसरलान्. "बाई, माझी ओटी?"

येसू म्हणाली, "माझी रिकामी केलीस, तुझी कशानं भरू? देवी असशील तर खरं सांग. माझा हात सुटला, की तू ओढलंस?"

बायांनी कानांवर हात ठेवले. नदीनं पदर आवरला. येसूनं दुसऱ्यांदा विचारलं. नदीनं मूठ आवळली. तिसऱ्यांदा विचारलं, तशी नदीनं मूठ उघडली. मुठीत हिरव्या काचा. "मी ओढलं, बाई. तुझ्या बांगड्या फुटल्या, तरी तू सोडलं नाहीस."

सासूनं ऐकलं, खण-नारळ पायरीवर ठेवून खाली बसली. "नदीबाई, माझाही थोरला तूच नेलास. तीस श्रावण तुझी ओटी भरली. मला कुणी विचारलं नाही, की बाई, तुझ्या जिवाला कसं आहे? म्हणून मीही सुनेला विचारलं नाही." मग खण-नारळ उचलला, येसूच्या ओटीत घातला. "बोल सूनबाई, मी ऐकते."

येसू बोलली, रडली, भांडली, पुन्हा बोलली. सासूनं मध्ये तोंड घातलं नाही, "विसर" म्हटलं नाही.

उठताना येसू नदीला म्हणाली, "आजवर वसा देवांनी दिला, आम्ही घेतला. आज मी देते, तू घे. आधी लेकरू गेलेल्या आईची ओटी, मग तुझी. आधी तिचं ऐकायचं, मग तुझी आरती. उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको." नदीनं मान डोलावली.

महिन्यानं येसूला घास गोड लागला. सहा महिन्यांनी झोप लागली. पुढच्या श्रावणात तिनं आपल्या हातानं पदराची गाठ सोडली. ठकू अंगणभर धावली. तान्ह्याचं नाव मात्र घरात रोज निघे, कुणी कुणाला गप्प करत नसे.

जसं येसूला ऐकणारं माणूस मिळालं, तसं तुम्हां-आम्हांला मिळो. न मिळालं, तर देवालाही जाब विचारायची छाती मिळो. साठ उत्तरांची ही कहाणी; पाच मी सांगितली, उरलेली शेजारच्या आईला विचारा, मगच ती सुफळ, मगच संपूर्ण.