पाकळ्या येईपर्यंत

"पण बाई, पदार्थ तोच, कृती तीच, हातही माझेच. मग पाकळ्या का येत नाहीत?"

पराशरने विचारलं आणि सवयीने दाढीवरून हात फिरवला.

त्याच्या मार्गदर्शक खानविलकरबाई भिंगातून पाहत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

पराशरची नवी नवरी केतकी त्याचा विसरलेला डबा घेऊन आली होती. प्रयोगशाळेत कुणी बस म्हणेना, म्हणून ती दारातच उभी राहिली.

पराशरने तयार केलेल्या पदार्थाचे स्फटिक चपटे यायचे, पाकळ्यांसारखे. त्याचा सगळा प्रबंध त्या पाकळ्यांवर उभा होता. लग्नानंतर थोड्याच दिवसांत एकदा पाकळ्यांच्या जागी सुया आल्या. तेव्हापासून सुयाच. आणि सोमवारी यायचे होते परीक्षक. पाकळ्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सही करणार नाही, असं त्यांनी कळवून टाकलं होतं.

"कुठे चुकत असेल?" बाईंनी विचारलं.

"भांडी नवी आणली. खोली बदलली. पाण्यालाही दोष देऊन झाला."

"आणि स्वतःला?"

"तिथवर अजून आलो नाही."

बाई केतकीकडे वळल्या. "तुझी मंगळागौर झाली ना गं?"

"झाली."

"मग तुला कळेल. पोरी त्याच असतात. झिम्मा खेळतील नाहीतर फुगडी घालतील. रेणूंचंही तेच, हात धरायची तऱ्हा तेवढी निराळी. आता सगळ्या झिम्म्याला उभ्या आहेत आणि एका जोडीने मध्येच फुगडी धरली, तर?"

"तर सगळ्या फुगडीच घालतात," केतकी म्हणाली. "कुणी ऐकत नाही."

"ऐकलंस, पराशर? द्रावणात एक सुई पडली तरी पुरते. विरजणाच्या थेंबासारखी."

"ते मला पाठ आहे, बाई. पण सुई पडणार कुठून? भांड्याजवळ मी कुणाला फिरकू देत नाही. मी एकटाच येताजाता वाकून बघतो."

"वाकून बघतोस…"

"अगदी नाक लावून."

बाईंनी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं.

लग्नाच्या फोटोत ती दाढी नव्हती. सुया आल्या त्या दिवशी त्याने ठरवलं, पाकळ्या आल्याशिवाय वस्तरा लावायचा नाही. केतकीच्या सासूबाई त्याला नवस म्हणायच्या. पराशर शास्त्रज्ञ असल्यामुळे संकल्प म्हणायचा. आता दाढी शर्टाच्या दुसऱ्या गुंडीला टेकली होती. सकाळी उशीवर काहीतरी बारीक चमकायचं. कोंडा असेल, असं समजून केतकी मुकाट्याने अभ्रा झटकायची.

बाईंनी खणातून काळा कागद काढून टेबलावर पसरला.

"वाक."

पराशर लगबगीने त्यांच्या पायांशी वाकला.

"पाया नको पडूस. कागदावर वाक."

तो वाकला. बाईंनी अंबाड्यातली फणी काढली आणि त्याच्या दाढीतून एकदाच फिरवली.

कागदावर पांढरी भुकटी पडली. बाईंनी कागद भिंगाखाली सरकवला आणि खुर्ची मागे घेतली.

पराशरने डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"सुया…" तो म्हणाला.

बाई फणी पुसत होत्या.

"म्हणजे खोली बदलली तरी…"

"तू तूच होतास."

केतकीने पर्स उघडली. तिच्यातली छोटी कात्री काढून तिने हळूच टेबलावर, डब्याच्या शेजारी ठेवली. ती कात्री पर्समध्ये का होती, ते कुणी विचारलं नाही.

पराशर कात्रीकडे पाहत राहिला. मग ताठ झाला.

"पण बाई, पाकळ्या आल्याशिवाय दाढी काढायची नाही, असा माझा संकल्प आहे."

बाहेर नळ ठिबकत होता…

बाईंनी फणी अंबाड्यात खोचली.

"मग सोमवारी परीक्षकांना दाढीच दाखव. सुरेख वाढलीय."