शेवंतीची गोधडी आणि तळमळती नगरी

एका राज्यात कुणालाच झोप नव्हती. राजाला नव्हती, रंकाला नव्हती, गोठ्यातल्या गाईला नव्हती आणि पाळण्यातल्या बाळालाही नव्हती.

त्या राज्याचा राजा अरिंजय मोठा शूर. काळ्या डोंगरातला मांत्रिक धूम्रकेश अपार धन राखून बसला आहे, असे त्याच्या कानी आले आणि तो सैन्यासह डोंगरावर चालून गेला. मांत्रिक हरला. हरलेला मांत्रिक पायांपासून दगड होऊ लागला. दगड गळ्याशी पोचण्याआधी त्याने शाप उच्चारला.

"राजा, हे धन राखता राखता माझी झोप गेली. आता ती तळमळ तुझी. तुझ्या राज्यात जे जे कुणी राखून ठेवील, ते ते तळमळेल, आणि राखणाऱ्याला निजू देणार नाही."

राजा हसला. धन गाड्यांवर लादून त्याने नगरात आणले, कोठारात भरले आणि लोखंडी दारे लावून घेतली.

दारे लागली मात्र, कोठार आतून धडधडू लागले. शेजारच्या वाण्याच्या कणग्या हलू लागल्या. सोनाराची तिजोरी ठोके देऊ लागली. घराघरांतले पेटारे कण्हू लागले, उतरंडीची मडकी एकमेकांवर आपटू लागली. कुणी कुलपे काढून पाहिली. पण कुलूप काढले की चोराची धास्ती, म्हणून काठी घेऊन पुढ्यात बसावे, आणि कणगी तशीच हलत राहावी. डोळा लागेना. कुंभाराच्या चाकावरचे मडके वाकडे निघू लागले. गाई आटल्या. भावाभावांत क्षुल्लक गोष्टीवरून डोकी फुटू लागली. माणसे घरातून रस्त्यावर, रस्त्यावरून घरात येरझारा घालीत. बसवत नव्हते, उभेही राहवत नव्हते.

अशात नदीला पूर आला आणि काठची गावे वाहून गेली. उरलेली माणसे पोरेबाळे घेऊन नगराच्या वेशीशी आली. नगराने वेस लावून घेतली. "आधीच जिवाला चैन नाही. त्यात हे आत आले तर उचलून नेतील," असे जो तो म्हणाला. पूरग्रस्त तटाबाहेर उघड्यावर बसून राहिले.

राजवाड्यात तान्हा राजपुत्र झोपेविना सुकत चालला होता. वैद्यांनी हात टेकले. राणी मृगावती त्याला खांद्यावर घेऊन फिरत होती, तेव्हा सज्जाच्या कठड्यावर एक हरियाल पक्षी येऊन बसला. हरियाल जमिनीला पाय लावत नाही, म्हणून त्याला शाप बाधला नव्हता.

"राणी," हरियाल म्हणाला, "तीन वस्तू आण. बोलक्या गुहेतला मुका खडा बाळाच्या उशाशी ठेव, रडणे थांबेल. नागसरोवराच्या तळचे निळे कमळ ठेव, डोळे मिटतील. आणि तिसरी वस्तू अशी, की जी कुणीतरी राखून ठेवली होती आणि आता शांत आहे. ती मिळाली तरच झोप येईल."

राजाने घोड्यावर मांड टाकली. बोलक्या गुहेत शिरणाऱ्याला त्याच्या मेलेल्या आप्तांचे आवाज हाका मारतात. राजाला आईचा आवाज आला. डोळ्यांतून पाणी वाहिले, पण त्याने ओ दिली नाही. त्याने मुका खडा आणला. बाळाचे रडणे थांबले. मग तो नागसरोवरात उतरला, नागाशी झुंजला, खांद्यावर दंशाचा व्रण घेऊन निळे कमळ घेऊन आला. बाळाचे डोळे मिटले. पण मिटल्या पापण्यांखाली बुबुळे फिरत राहिली, मुठी वळत राहिल्या. झोप येईना.

"तिसरी वस्तू कुठे मिळेल?" राजाने विचारले.

"तिथे तलवार चालायची नाही," हरियाल म्हणाला.

राजाने ऐकले नाही. शिपाई घरोघर धाडले. त्यांनी पेटारे उपसले, कणग्या फोडल्या, माजघरे धुंडाळली. जिथे हात घालावा तिथे वस्तू थडथडत होती. एकही शांत नव्हती. लोकांनी उरलेसुरले जमिनीत पुरले, तर अंगणे हलू लागली.

त्या नगरीत रखमाजी नावाचा एक कोष्टी होता. त्याची मुलगी शेवंती, नऊ वर्षांची. तिच्या आईने तिच्यासाठी एक गोधडी शिवली होती. जुन्या लुगड्यांचा मऊ थर, वर हिरवे-तांबडे तुकडे, कडेने दुहेरी टाका. शेवंती सासरी जाईल तेव्हा द्यायची म्हणून ती पेटीत ठेवलेली. पेटी सारखी आतून दणके देई.

शेवंती माडीवरून तटापलीकडे पाही. तिथे सगुणा नावाची एक बाई ओल्या लुगड्यात बाळ गुंडाळून बसलेली होती. वारा सुटला की बाळ कुडकुडे.

"आई, तिच्या बाळाला पांघरूण नाही," शेवंती म्हणाली.

"आपण काय करणार? साऱ्या जगाला का आपण पुरे पडणार आहोत?"

"साऱ्या जगाला नको. त्या एका बाळाला."

"गोधडी तुझ्या लग्नाची आहे, पोरी."

"माझे लग्न केव्हा होईल ते होवो. त्याला थंडी आत्ता वाजते आहे."

झोप नसल्याने आईचे डोके भणभणत होते. ती रागाने तिथून उठून गेली. शेवंतीने पेटी उघडली, धडपडणारी गोधडी छातीशी घट्ट धरली, आणि तटाच्या खालून पाणी जाण्याचे जे भोक होते त्यातून सरपटत बाहेर गेली. तिने गोधडी बाळाच्या अंगावर घातली. गोधडी एकदा हलली आणि मग निपचित झाली. बाळ निजले.

शेवंती घरी परतली आणि उंबऱ्यावर बसल्या बसल्या भर दुपारी झोपी गेली.

आई बाहेर आली, ती किंचाळलीच. तिला वाटले, पोर गेली. शेजारपाजार गोळा झाला. शेवंतीचा श्वास संथ चालला होता. झोपलेले माणूस कसे दिसते हे लोक विसरले होते. ते तिच्याभोवती हळू आवाजात बोलत उभे राहिले.

तटावरून कुणी तिला गोधडी देताना पाहिले होते; ती बातमी शिपायांच्या कानी गेली. त्यांनी वेस उघडून सगुणेच्या बाळावरची गोधडी ओढली आणि राजवाड्याकडे धाव घेतली. पण शिपायाच्या हातात येताच गोधडी अशी उसळू लागली की चौघांना आवरेना. ते पाहून राजाने शेवंतीला बोलावले.

"मुली, ही गोधडी मला दे," राजा म्हणाला.

"ती माझी नाही, महाराज. ती त्या बाळाची आहे."

"माझा मुलगा मरतो आहे."

शेवंतीचा चेहरा उतरला. "मग त्या बाळाच्या आईला विचारा. पण आधी तिची गोधडी परत द्या. तिचे बाळ उघडे पडले असेल."

राजा सिंहासनावरून उतरला. मुकुट तिथेच राहिला. उसळती गोधडी कवेत धरून तो पायी वेशीबाहेर गेला, मागून राजपुत्राला घेऊन राणी निघाली. तटावर माणसांची ही दाटी झाली. राजाने चिखलात गुडघे टेकून रडणाऱ्या बाळावर गोधडी घातली. ती शांत झाली.

"बाई," राजा म्हणाला, "माझ्या माणसांनी हिसकावले, त्याची क्षमा कर. माझ्या मुलाला झोप नाही. ही गोधडी तू दिलीस तरच मला नेता येईल."

सगुणेने राणीच्या खांद्यावरच्या त्या वाळक्या जिवाकडे पाहिले.

"नेऊ नका, महाराज. माझे लेकरू गारठेल," ती म्हणाली. मग तिने गोधडीचा एक पदर उचलून धरला. "त्यालाच इथे निजवा. दोघांना पुरेल."

राणी चिखलात बसली. तिने राजपुत्राला सगुणेच्या बाळाशेजारी ठेवले. सगुणेने गोधडी दोघांवर ओढली. राजपुत्राच्या वळलेल्या मुठी एकेक करून सुटल्या, आणि त्याला झोप लागली. राणीने तोंडात पदर कोंबला, हुंदक्याने बाळे जागी होऊ नयेत म्हणून.

तटावरून शेवंतीची आई पाहत होती. ती घरी गेली आणि मागावरचे नवे लुगडे घेऊन आली. "ओल्यात बसू नका," म्हणत तिने ते सगुणेच्या हातात दिले. मग कुंभाराने रांजण आणला. कासाराने भांडी आणली. एकाने दुभती शेळी दोर सोडून हाकलत आणली आणि पोरांच्या घोळक्यात सोडून दिली.

वाणी दामाशेट पोते घेऊन आला, पोते टाकले, आणि झोप येते का म्हणून डोळे मिटून बसला. येईना. "दिले की मी! मग माझी झोप कुठे आहे?" तो चिडून ओरडला. एक म्हातारा त्याला म्हणाला, "शेटजी, चूल फुंकायला माणूस हवे." दामाशेट कुरकुरत चुलीशी बसला. फुंकता फुंकता डोळ्यांत धूर गेला, भाताला उकळी आली. भोवती पोरे ताटल्या घेऊन उभी राहिली. कुणाला किती वाढावे यातच तो गुंतला. शेवटच्या पोराचे पोट भरेपर्यंत त्याला झोपेची आठवणच राहिली नाही. मग चुलीशीच तो कलंडला आणि घोरू लागला.

राजाने सारे पाहिले. तो कोठारापाशी गेला आणि स्वतःच्या हाताने लोखंडी दारे उघडली. मांत्रिकाचे धन बाहेर आले. त्यातून काठच्या गावांना घरे मिळाली, बैल मिळाले, नदीला बांध मिळाला. शेवटची गाडी भर दुपारी वेशीबाहेर पडली तेव्हा काळ्या डोंगरावर दगड तडकल्याचा आवाज झाला. धूम्रकेशाच्या दगडी पापण्या मिटल्या. शाप सरला.

कणग्या थांबल्या. मडकी थांबली. आणि साऱ्या नगरीला एकदमच झोप आली. लोक ओट्यांवर, पारावर, गाड्यांखाली, जिथे होते तिथे निजले. पहारेकरी भाल्याला टेकून निजले. कोष्टीवाड्यात शेवंती आईच्या कुशीत निजली.

वेस सताड उघडी होती. राखायला कुणीच जागे नव्हते. राजाचेही डोळे जड झाले होते. पण त्याने पहारेकऱ्याच्या हातातला भाला हलकेच काढून घेतला आणि तो वेशीत उभा राहिला. ती सगळी दुपार त्या राज्याचा पहारा एकट्या राजाने केला.